राणीच्या लग्नाची याद

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत कॅथरीन ऑफ ब्रागांझा या पोर्तुगीज राजकन्येचे एक तैलचित्र आहे, १६६०-६१ च्या सुमाराचे. ते डर्क स्टूप या डच चित्रकाराने काढले की त्याच्या चित्रावरून दुसऱ्याच कुणी, हे गॅलरीही ठामपणे सांगत नाही. राजघराण्यांतल्या लेकींच्या चित्रांचे त्या काळी असेच चाले. मूळ चित्र एक, त्याच्या नकला अनेक, आणि नकला करणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे असे कुणालाच वाटत नसे.

चित्रातली मुलगी पोर्तुगीज थाटात उभी आहे. फुगीर घेराचा झगा, पांढरी लेस, कपाळावरून एका बाजूला वळवलेले केस. इंग्लंडात उतरल्यावर याच थाटाला नावे ठेवली गेली. रोजनिशीकार जॉन एव्हलिनने तिच्या केसांची चमत्कारिक ठेवण, सोबतच्या बायकांचे अवाढव्य घेर आणि तिचे जरासे पुढे आलेले दात यांची नोंद केली. बाकी दिसायला बरी आहे, अशी पावतीही दिली. मुलगी पाहून घरी परतणाऱ्या मंडळींची ही भाषा आपल्या चांगल्या ओळखीची आहे. पुढे राणीने इंग्रजी झगे स्वीकारले. पीटर लेलीने रंगवलेल्या चित्रात ती दरबारातल्या इतर बायकांच्याच पठडीतली दिसते.

जिच्या लग्नात मुंबई आंदण गेली, ती हीच. ही गोष्ट आपण मुलांना गंमत म्हणून सांगतो. एवढे मोठे शहर आणि आंदणात! (तेव्हा ते शहर नव्हते, ही गोष्ट वेगळी.) पण २३ जून १६६१ चा तो तह लग्नाची याद म्हणून वाचला, तर त्यात हसण्यासारखे काही उरत नाही. टँजियरचे बंदर, मुंबई बेट आणि वीस लाख क्रुझादो रोख. बदल्यात इंग्लंडने स्पेनविरुद्ध सैन्य आणि आरमार द्यायचे. १६४० मध्ये स्पेनपासून फुटून निघालेल्या पोर्तुगालला आधार हवा होता, नवरदेवाला, म्हणजे इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला, पैसा. मुंबईतल्या कोळ्या-भंडाऱ्यांना कुणी विचारले नाही, आणि कॅथरीनला तरी कुठे विचारले असणार?

देण्याघेण्याचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. रोकड वेळेवर उभी राहिली नाही, युद्धात खर्च झाली होती. तेव्हा पैशांच्या बदल्यात साखर आणि मसाले जहाजांवर चढवले गेले. १६६२ मध्ये इंग्लंडकडून अब्राहम शिपमन मुंबई ताब्यात घ्यायला आला, तर पोर्तुगीज व्हाइसरॉयने कागदपत्रांत खोट काढून त्याला परत फिरवले. शिपमन आणि त्याचे शेकडो शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकले. त्यातले बहुतेक, खुद्द शिपमनसुद्धा, तिथेच मेले. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये बेट मिळाले, तर साष्टीही यादीत होती की नव्हती यावरून नवा वाद. आणि ज्याच्यासाठी एवढी माणसे गेली ते बेट राजाने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

आता मुलीकडे पाहू. 'घसघशीत दिले की सासरी मान राहतो', हे वाक्य आजही लग्नाच्या बैठकीत शहाणी माणसे बोलतात. जगाच्या इतिहासात याहून घसघशीत आंदण क्वचितच दिले गेले असेल. लग्न मे १६६२ मध्ये झाले आणि त्याच उन्हाळ्यात चार्ल्सने आपली रखेल बार्बरा व्हिलियर्स हिला राणीच्या खास सेविकांत नेमायचा हट्ट धरला. राणीने यादीतून तिचे नाव खोडले. राजाने भर दरबारात बार्बराला तिच्यासमोर उभे केले, तेव्हा तिच्या नाकातून रक्त आले आणि ती कोसळली. यावर राजाने काय केले? माहेरची बहुतेक माणसे परत पाठवली आणि राणी वाकेपर्यंत तिच्याशी अबोला धरला. ती वाकली. मूल झाले नाही, तेव्हा तिला सोडा म्हणणारेही निघाले. चार्ल्सने ते ऐकले नाही, आणि १६७८ मध्ये तिच्यावर राजाला विष देण्याच्या कटाचा आळ आला तेव्हा तो तिच्या बाजूने उभा राहिला, हे त्याच्या पदरी घालायलाच हवे. पण ते त्याच्या मर्जीने झाले. मुंबईने त्यात काही केले नाही.

हीच बाई विधवा होऊन लिस्बनला परतली आणि १७०४-०५ मध्ये, ऐन युद्धात, आजारी भावाच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला. ही कुवत यादीत कुणी मांडली नव्हती.

त्या तहानंतर बरोबर तीनशे वर्षांनी, १९६१ मध्ये, भारतात हुंडाबंदीचा कायदा झाला. तरी २०२२ या एका वर्षात देशात सहा हजारांवर हुंडाबळींची सरकारी नोंद आहे. यावर ठरलेले उत्तर येते: आम्ही कुठे हुंडा देतो, आम्ही मुलीला खुशीने देतो. चांगले आहे. मग ते तिच्या नावावर करा. महाराष्ट्राने १९९४ मध्येच, केंद्राच्या अकरा वर्षे आधी, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. तोच वाटा सोडायला तिला भाऊबीजेची आठवण करून देत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेले जाते आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. लग्नात गाडी आणि सोने देणारे घर तिच्या वाट्याच्या दोन एकरांसाठी मात्र हात आखडते, कारण गाडी जावयाच्या दारात उभी राहते आणि जमीन मुलीच्या सातबाऱ्यावर चढते. सहीच्या दिवशी तिच्यासाठी साडी आणलेली असते.