एका धावेचा राग

20 सप्टेंबर 2020. दुबईचं आंतरराष्ट्रीय स्टेडियम, करोनामुळे प्रेक्षकांशिवाय. त्या वर्षीची आयपीएल अमिरातीत हलवली होती आणि स्पर्धेचा हा दुसराच सामना होता, दिल्ली विरुद्ध पंजाब. दिल्लीच्या 157 धावा. पाठलागात 19 व्या षटकात मयांक अगरवालने चेंडू लाँग ऑनच्या दिशेला मारला आणि ख्रिस जॉर्डनबरोबर दोन धावा पळून काढल्या. स्क्वेअर लेगला उभे असलेले पंच नितीन मेनन यांनी शॉर्ट रनची खूण केली. त्यांच्या मते जॉर्डनची बॅट पहिल्या धावेच्या वेळी क्रीजच्या आत टेकलीच नव्हती, म्हणून दोनऐवजी एक धाव. थोड्या वेळाने टीव्हीवर रिप्ले दिसला. बॅट क्रीजच्या आत होती.

शेवटच्या षटकात पंजाबला 13 धावा हव्या होत्या. मयांकने पहिल्या तीन चेंडूंवर षटकार, दोन धावा आणि चौकार अशा 12 धावा काढल्या. ती कापलेली धाव जमेला असती तर सामना तिथेच संपला असता. पण धावसंख्या फक्त बरोबरीत आली होती. चौथा चेंडू निर्धाव गेला, पाचव्यावर मयांक 89 धावांवर झेलबाद झाला, सहाव्यावर जॉर्डनही झेल देऊन परतला. सुपर ओव्हरमध्ये रबाडाने पंजाबला दोन धावांत गुंडाळलं आणि दिल्ली सहज जिंकली.

या प्रसंगाबद्दल लिहावंसं वाटतं, कारण तो पुढे दीड महिना संपलाच नाही. साखळी संपली तेव्हा पंजाबचे 12 गुण होते. बंगलोर 14 गुण आणि उणे 0.172 अशा निव्वळ धावगतीने चौथं आलं होतं. पंजाबची धावगती उणे 0.162 होती, म्हणजे बंगलोरपेक्षा केसभर चांगली. दुबईतले ते दोन गुण मिळाले असते तर पंजाब बाद फेरीत, असा सरळ हिशेब पंजाबच्या चाहत्यांनी मांडला. ‘पंचांनी आमचा अख्खा हंगाम खाल्ला’ हे वाक्य तेव्हापासून अधूनमधून ऐकू येतं. अशी वाक्यं सगळ्याच संघांचे चाहते बोलतात, फक्त पंजाबच्या हातात दशांश चिन्हासकट पुरावा आहे एवढंच.

पण हा पुरावा तपासला तर काय दिसतं? त्याच पंजाबने 27 सप्टेंबरला शारजात 223 धावा करूनही राजस्थानकडून हार पत्करली. 10 ऑक्टोबरला अबूधाबीत हातात आलेला सामना कोलकात्याला दोन धावांनी दिला. पहिल्या सातपैकी एकच सामना त्यांनी जिंकला होता. 18 ऑक्टोबरला मुंबईविरुद्ध दोन सुपर ओव्हर खेळून मिळवलेला विजय तर कुठल्याही बाजूला जाऊ शकला असता, तो त्यांच्या बाजूला गेला. शिवाय 13 ऐवजी 12 धावा हव्या असत्या तर गोलंदाजाने तेच तीन चेंडू तसेच टाकले असते, हे कोण सांगणार? चौदा सामन्यांच्या हंगामात शेकडो वळणं असतात. त्यातलं एक उचलून ‘इथेच सगळं गेलं’ म्हणायचं, तर ते वळण आपण निवडलेलं असतं. आणि आपण नेमकं तेच निवडतो ज्यात दोष दुसऱ्याचा असतो.

इथपर्यंत सगळेच समंजस क्रिकेट-पंडित येतात आणि पुढे म्हणतात, ‘तीन चेंडूंत एक धाव काढता आली नाही, मग पंचांना कशाला बोल लावता?’ मला हे उत्तरही पटत नाही. कुणाचं पाकीट मारलं गेलं आणि त्याच दिवशी त्याने उरलेले पैसे पत्त्यांत घालवले, तर पत्त्यांमुळे पाकीटमारी माफ होत नाही. पंजाबने सामना स्वतःच्या हाताने घालवला हे खरं, आणि त्यांची एक धाव चुकून कापली गेली हेही खरं. हरण्याला जबाबदार कोण हा एक प्रश्न आहे आणि कुणावर अन्याय झाला का हा दुसरा. चाहते दुसऱ्याच्या उत्तराने पहिला प्रश्न मिटवतात, पंडित पहिल्याच्या उत्तराने दुसरा. दोघांची सोय होते.

मग तो अन्याय होता का? प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना एक भेद पहिल्या वर्षीच शिकवला जातो. मोजमापातल्या काही चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतात, कधी जास्त, कधी कमी. काही चुका एकाच बाजूला झुकलेल्या असतात, म्हणजे काटाच वाकडा असतो. पहिल्या प्रकाराला आपण चूक म्हणतो, दुसऱ्याला पक्षपात. नितीन मेनन त्याच वर्षीच्या जूनमध्ये आयसीसीच्या सर्वोच्च पंच मंडळात निवडले गेले होते. त्यांनी डोळ्यांना जे दिसलं ते एका क्षणात सांगितलं. पंजाबशी त्यांचं वैर असण्याचं काहीच कारण नव्हतं. ही पहिल्या प्रकारची चूक होती.

यावर ठरलेलं सांत्वन असतं, ‘हंगामभरात सगळं बरोबरीत येतं.’ मोजमापवाल्या माणसाने इथे जरा थांबायला हवं. विखुरलेल्या चुका एकमेकींना खोडतात, पण त्यासाठी मोजमापं खूप लागतात. चौदा सामन्यांत ती हमी नाही. आणि खोडल्या तरी त्या तक्त्यावर खोडल्या जातात, माणसांच्या आयुष्यात नाही. 2020 मध्ये गेलेली धाव 2023 मध्ये वेगळ्या अकरा जणांना परत मिळाली, तर मयांकच्या पदरात काय पडलं? सरासरी बरोबर आली म्हणून प्रत्येकाला न्याय मिळाला असं होत नाही. परदेशात आलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको. व्हिसाच्या रांगेत आपलं नाव लागलं नाही, तेव्हा ‘एकूणात यंत्रणा चांगली चालते’ हे ऐकून कुणाचं समाधान झालं आहे?

तर चूक होती, पक्षपात नव्हता, आणि तरी नुकसान खरं होतं. अशा वेळी रागाचं काय करायचं?

अमिरातीत हा प्रश्न सोडवायला एक मदत आपोआप मिळते. पुण्यात किंवा न्यू जर्सीत सामना आपल्याच माणसांच्या घोळक्यात बघता येतो, सगळे एकाच सुरात ओरडतात. इथे शेजारच्या टेबलावर लाहोरचा सहकारी असतो, टॅक्सी पेशावरचा माणूस चालवत असतो. तुम्ही 2008 च्या सिडनी कसोटीची आठवण काढा. स्टीव्ह बकनर यांनी सायमंड्सला तिशीत नाबाद ठरवलं, त्याने नाबाद 162 केले आणि आपण हरलो. ते तुमचं ऐकून घेतील आणि शांतपणे विचारतील, ‘और मोहाली?’ 30 मार्च 2011, विश्वचषकाची उपांत्य फेरी. सचिन 23 वर असताना सईद अजमलच्या चेंडूवर पंच इयन गूल्ड यांनी त्याला पायचीत दिलं होतं. सचिनने दाद मागितली, चेंडू लेग स्टंपच्या बाहेर जातो आहे असं संगणकाने दाखवलं आणि त्याने पुढे 85 केले. आपल्या लेखी तो विषय तिथे संपला. त्यांच्या लेखी तो आजही चालू आहे. संगणक बरोबर होता असं मला वाटतं. पण मला तसं वाटायला किती कमी कष्ट पडले, हेही त्या प्रश्नाने दिसतं. सिडनीचा तपशील आपल्याला तारखेसकट पाठ असतो आणि मोहालीचा दुसऱ्याने आठवण करून द्यावा लागतो. पंचांच्या काट्यात कल नसेलही, आपल्या स्मरणात तो नक्की असतो.

तक्रार प्रामाणिक आहे का, हे ओळखायची एक साधी कसोटी यातून निघते. तीच चूक आपल्या फायद्याची असती तर आपण बोललो असतो का? ही कसोटी फार थोडे लोक उतरले आहेत. फेब्रुवारी 1980 मध्ये वानखेडेवर भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. इंग्लंडचे 58 धावांत 5 बळी गेले होते. पंचांनी बॉब टेलरला यष्टिरक्षकाकडे झेलबाद दिलं. बॅट लागली नव्हती असं कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथच्या लक्षात आलं आणि त्याने टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी 171 धावांची भागीदारी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. त्या मोठेपणाची किंमत अकरा खेळाडूंनी चुकवली. एवढं आपण सगळ्यांकडून मागू शकत नाही. पण विश्वनाथने निदान एक गोष्ट दाखवली, की पंचांची चूक ही फक्त ज्याचं नुकसान झालं त्याची बाब नसते.

आता दुबईच्या त्या रात्रीकडे परत बघू. सामन्यानंतर दोन तक्रारी जाहीरपणे झाल्या. वीरेंद्र सेहवागने लिहिलं की सामनावीर निवडण्यात चूक झाली, शॉर्ट रन देणाऱ्या पंचांनाच तो किताब द्यायला हवा होता. ते वाक्य लोकांनी डोक्यावर घेतलं. दुसरी तक्रार पंजाबच्या सहमालक प्रीती झिंटा यांची. वापरता येत नसेल तर तंत्रज्ञानाचा उपयोग काय, बीसीसीआयने आता नवे नियम आणावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. हार-जीत खिलाडूपणे घ्यावी, पण पुढे सगळ्यांच्याच भल्याचा बदल मागणं गरजेचं आहे, असंही त्यांनी म्हटलं. खरं तर नुकसान त्यांचं झालं होतं, म्हणून जास्त चिडायचा हक्क त्यांचा होता.

दोघांनी बोट दोन वेगळ्या ठिकाणी रोखलं होतं. सेहवागने मैदानावर दिसणाऱ्या माणसाकडे, झिंटा यांनी न दिसणाऱ्या नियमाकडे. त्या रात्रीची खरी गोम नियमातच होती. चूक घराघरात दिसत होती, तिसरे पंच पडद्यासमोर बसले होते, आणि शॉर्ट रनचा निर्णय बदलायचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. चूक करणं माणसाच्या हातात नसतं. चूक दिसत असताना ती दुरुस्त करायला कुणालाच मुभा नसणं हे मात्र कुणीतरी कागदावर ठरवलेलं असतं. अन्याय हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथे वापरावा. पुढच्या हंगामात, 2021 मध्ये, तिसऱ्या पंचांना शॉर्ट रन तपासून निर्णय फिरवायचा अधिकार मिळाला. पंजाबचे गुण परत आले नाहीत, पण पुढच्या कुणाची धाव तशी जाणार नाही.

क्रिकेटमधल्या जुन्या कटकटी अशाच मिटल्या आहेत. यजमान देशाचे पंच यजमानांना झुकतं माप देतात, ही पाहुण्या संघांची कित्येक वर्षांची ओरड होती. नोव्हेंबर 1986 मध्ये इम्रान खानच्या आग्रहाने लाहोरच्या पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत दोन भारतीय पंच उभे राहिले, व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या ठाण्याचे पिलू रिपोर्टर. पाकिस्तानच्या कर्णधाराने भारतीय पंच मागून घ्यावेत, ही आजही नवलाची गोष्ट वाटते. 2002 पासून कसोटीत दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे आले. पंचांना शिव्या देऊन जे साधलं नाही ते पंच नेमण्याची पद्धत बदलून साधलं. उलट बाजूला 1981 चं मेलबर्न आठवा. पायचीत दिल्याच्या रागात गावसकर साथीदार चेतन चौहानला घेऊन मैदानाबाहेर निघाले होते. व्यवस्थापकांनी चौहानना सीमारेषेवर परत फिरवलं नसतं तर सामना सोडून द्यावा लागला असता. भारताने तो सामना 59 धावांनी जिंकला. गावसकरांनी पुढे त्या कृतीबद्दल खेद व्यक्त केला.

आपल्यासाठी हा प्रश्न क्रिकेटपुरता राहत नाही. परदेशात राहणं म्हणजे रोज कुणाच्या तरी खुणेवर अवलंबून असणं. टायपिंग सेंटरमधला मुलगा अर्ज परत करतो, कारण फोटोची पार्श्वभूमी चुकली. बँकेच्या काउंटरवरची बाई म्हणते सही जुळत नाही. इमारतीचा नातूर पाहुण्यांची गाडी आत सोडत नाही. आपला आवाज चढतो तो यांच्यावर, कारण तेच समोर असतात. नियम त्यांनी केलेला नसतो, तो मोडला तर नोकरी मात्र त्यांची जाते. आणि बहुतेक वेळा तेही आपल्यासारखेच घर सोडून आलेले असतात, फक्त पगार आपल्यापेक्षा कमी. ज्याने नियम केला तो समोर आला तर आपण अतिशय अदबीने बोलतो. स्टेडियममध्ये पंचांवर ओरडायची जी सवय लागते, ती इथपर्यंत येते.

राग गिळा असं माझं म्हणणं नाही. चूक झाली तर ती झाली असं म्हणावं, ठामपणे म्हणावं. फक्त राग योग्य पत्त्यावर पोचवायला थोडे कष्ट घ्यावे लागतात. नियम कुणी केला ते शोधावं लागतं, लेखी तक्रार करावी लागते, उत्तराची वाट बघावी लागते, आणि त्याचा फायदा बहुधा आपल्याला न मिळता आपल्यानंतर रांगेत येणाऱ्याला मिळतो. आयसीसीचं मुख्यालय 2005 पासून दुबईतच आहे. आयपीएलचे नियम करणाऱ्या बीसीसीआयचं कार्यालय मुंबईत, वानखेडेवर आहे. पत्ते दोन्ही माहितीचे आहेत. पुढच्या वेळी पंचांचं बोट वर जाईल आणि रिप्लेत वेगळंच दिसेल, तेव्हा आपलं बोट कुणाकडे रोखायचं हे आपल्याला ठरवता येतं, आणि तो निर्णय तपासायला तिसरा पंच नसतो.