मॅन-ॲट-आर्म्सची मिशी

खेळण्यातल्या एखाद्या पात्राचा पोशाख करायला कोणी बसलं, की जाणकारांचा सल्ला ठरलेला असतो: मूळ खेळणं समोर ठेवा आणि बाकी कशाकडे बघू नका. हा सल्ला मला फार दिवस खटकत आला आहे. तो कडक वाटतो, प्रामाणिक वाटतो, आणि म्हणूनच त्याच्या पोटातला प्रश्न कोणी बाहेर काढत नाही. मूळ म्हणजे काय, हे जणू आधीच ठरलेलं आहे असं तो धरून चालतो. रामलीलेतला राम किंवा दशावतारातला संकासुर उभा करणाऱ्यापाशी परंपरेने आलेले संकेत असतात. खेळण्याच्या पात्रापाशी अशी परंपरा नसते. त्याच्यापाशी साचा असतो, खोक्यावरचं चित्र असतं, सोबतची छोटी चित्रकथा असते, पुढे आलेली कार्टून मालिका असते, आणि या साऱ्यांचं आपसात पटतंच असं नाही.

ही-मॅनचंच घेऊ. दूरदर्शनवर तो पाहिलेल्या पिढीला त्याची ओळख करून द्यायला नको. मॅटेल कंपनीने 1982 साली साडेपाच इंच उंचीच्या या बाहुल्या बाजारात आणल्या. फिल्मेशनची मालिका 1983च्या सप्टेंबरमध्ये आली. मधल्या काळात मुलांच्या हातात होत्या त्या बाहुल्या आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या इवल्याशा चित्रकथा. त्या पहिल्या चित्रकथांमधला ही-मॅन राजपुत्र नाही. तो रानातल्या आपल्या टोळीतून बाहेर पडलेला योद्धा आहे, ॲडम नावाचं दुसरं रूप त्याला नाही. त्यातली हिरव्या कांतीची देवी नागाचं चिलखत घालते. टीला या दुसऱ्या पात्राच्या बाहुलीलाही तेच चिलखत काढता-घालता येईल असं दिलेलं होतं, म्हणजे एकाच बाहुलीत दोन स्त्रिया. मालिकेने त्या दोघींना वेगळं केलं, टीलाच्या अंगावरचा नाग काढला आणि दुसरीला, म्हणजे चेटकिणीला, ससाण्याचा वेश दिला. आता टीलाचा पोशाख शिवणाऱ्याने नाग घ्यायचा की नाही? ‘मूळ बघा’ या उत्तराने इथे काहीच सुटत नाही.

खेळणंच प्रमाण मानणाऱ्यांचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही. ते म्हणतात, मालिका ही खेळणं विकण्यासाठी केलेली जाहिरात होती. आधी वस्तू, मग गोष्ट. तेव्हा वस्तूचा मान पहिला. कालक्रमाचा हा मुद्दा ही-मॅनपुरता खरा आहे. पण ही-मॅनच्या साथीदाराकडे, मॅन-ॲट-आर्म्सकडे, आलं की तो अडखळतो. त्याच्या पहिल्या बाहुलीला मिशी नाही. मिशी मालिकेने दिली, आणि लोकांच्या मनात हा माणूस मिशीसकटच राहिला. ऑर्को या छोट्या जादूगाराच्या बाबतीत तर कालक्रमच उलटतो: तो मालिकेसाठी जन्मला आणि त्याची बाहुली 1984मध्ये मागाहून आली. मालिकेत तो पायांशिवाय हवेत तरंगतो. बाहुलीला तरंगता येईना, म्हणून तिच्या तळाशी चाक बसवलं आणि दातेरी पट्टी ओढून ती फिरवायची सोय केली. खेळण्यावर निष्ठा ठेवून ऑर्को होणाऱ्याने मग पायांखाली चाक लावावं का?

म्हणून मी बराच काळ एक वेगळा भेद धरून चाललो. पात्राच्या रूपात काही गोष्टी कल्पनेने मागितलेल्या असतात आणि काही साच्याने लादलेल्या. निळी कातडी आणि कवटीचा चेहरा ही-मॅनचा शत्रू स्केलेटर याच्या कल्पनेतच आहे. पण ही-मॅनचे फेंगडे, अर्धवट वाकलेले पाय, कंबरेतली स्प्रिंग, बोथट आणि जाडसर तलवार या गोष्टी प्लॅस्टिकच्या, खर्चाच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या गरजांतून आल्या. साच्यातून सुटा निघण्यासाठी आणि मुलाच्या हातात न मोडण्यासाठी भाग जाड ठेवावा लागतो. ही जाडी माणसाच्या मापावर नेली की काय होतं, याचा हिशेब सोपा आहे. साडेपाच इंच म्हणजे सुमारे 14 सेंटिमीटर. 170 सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी प्रत्येक माप बारा पटींनी वाढतं. बाहुलीच्या छातीवरच्या पट्ट्याची मिलिमीटरभर उठलेली कड पोशाखात सव्वा सेंटिमीटरची भिंत होते. फोमची ती भिंत पाहून कोणाला चिलखत आठवत नाही, फोमच आठवतो. तेव्हा लादलेलं गाळावं आणि कल्पनेतलं घ्यावं, असं माझं मत होतं. 1987च्या चित्रपटात डॉल्फ लंडग्रेनला ही-मॅन करताना बाहुलीची हुबेहूब प्रतिकृती केली नाही, आणि ऑर्कोला तर वगळून ग्विल्डोर नावाचं वेगळंच पात्र आणलं. माणसाच्या शरीराला काय पेलतं, हे व्यावसायिकांनाही आधी बघावंच लागलं.

या भेदाच्या बाजूचं सर्वांत ठसठशीत उदाहरण ही-मॅनचं नाही, ट्रान्सफॉर्मर्सचं आहे, आणि थोडी वाट सोडून ते सांगायलाच हवं. 1984मध्ये हॅस्ब्रोने ताकारा या जपानी कंपनीची तयार खेळणी घेऊन त्यांना नवी नावं दिली. त्यांतल्या आयर्नहाइडला डोकंच नव्हतं. मूळ जपानी खेळण्यांत तो चालक बसवायचं यंत्र होता. डोक्याच्या जागी आसन होतं आणि हॅस्ब्रोच्या आवृत्तीत तिथे चेहऱ्याचा स्टिकर आला. कार्टूनने त्याला डोकं दिलं, तोंड दिलं, आवाज दिला. आयर्नहाइडचा पोशाख फक्त खेळण्यावरून करणाऱ्याला स्वतःचं डोकं कुठेतरी लपवावं लागेल. निष्ठेचा आग्रह इतका ताणला तर ज्याच्यावर निष्ठा आहे ते पात्रच हातून जातं.

पण हाच भेद बॅटल कॅटला लावून पाहिला आणि तो टिकेना. ही-मॅन ज्या हिरव्या वाघावर बसतो, तो वाघ त्याच्यासाठी घडवलेलाच नव्हता. मॅटेलच्याच बिग जिम या मोठ्या बाहुल्यांच्या मालिकेतला वाघाचा साचा पुन्हा वापरला गेला. बिग जिमशेजारी तो साधा वाघ होता. लहान ही-मॅनशेजारी उभा केल्यावर तो घोड्याएवढा झाला, आणि त्यावर खोगीर चढवता आलं. या पात्रसमूहातली सर्वांत आवडती जोडी साच्याच्या काटकसरीतून निघाली. ऑर्कोच्या छातीवरचं अक्षरही तसंच. त्याचं नाव आधी गोर्पो ठरलं होतं. ते बदललं, कारण इंग्रजी ‘ओ’ आरशात उलटा केला तरी ‘ओ’च राहतो, आणि एकदा काढलेली हालचाल उलटवून दुसऱ्या बाजूसाठी वापरता येते. म्हणजे नावदेखील खर्चाने ठरवलं. लादलेलं गाळत गेलं तर वाघ जातो, ऑर्कोचं नाव जातं, आणि उरतं ते कुठल्याही तलवारबाजाला शोभेल असं काहीतरी. जे मी अपघात म्हणून बाजूला काढायला निघालो होतो, त्यातच या पात्रांचं वेगळेपण साठलेलं आहे.

म्हणून आता मला वाटतं, की ‘कुठला स्रोत खरा’ या प्रश्नाऐवजी एकेका तपशिलाला ‘तू इथे का आलास’ असं विचारावं. बाहुलीची जाड कड प्लॅस्टिकसाठी आली. कापड-फोमच्या पोशाखात तिचं कारण संपतं. मालिकेत ही-मॅनच्या कमरेची फर सपाट रंगाची झाली, कारण एकच रेघ हजारो वेळा काढायची होती; माणसाच्या कमरेवर ते कारण संपतं, तिथे बाहुलीवर कोरलेली केसाळ फर परत आणायला हरकत नाही. पण फेंगड्या पायांचं कारण पोशाखातही जिवंत राहू शकतं. ती उभं राहण्याची ढब आहे, शिवण्याची गोष्ट नाही, आणि गुडघे किंचित वाकवून, मुठी पुढे आणून उभा राहिलेला माणूस क्षणात ती बाहुली होतो. यावर आक्षेप येईल की असं निवडत गेलं तर सगळ्याची खिचडी होईल. होईल, आणि ती पहिल्या दिवसापासून झालेलीच आहे. रूडी ओब्रेरोने खोक्यावर रंगवलेला ही-मॅन, आल्फ्रेडो अल्कालाने चित्रकथेत काढलेला आणि फिल्मेशनने हलवलेला ही-मॅन हे एकाच माणसाची तीन छायाचित्रं नव्हेत. निवड न सांगता करणं मात्र चूक आहे. नागाचं चिलखत घालून स्वतःला मालिकेतली टीला म्हणवणं ही बेफिकिरी. तेच चिलखत ‘ही 1982ची बाहुली’ म्हणून घालणं हा अभ्यास.

यातून एक गोष्ट निघते, जिचा विचार आपल्याकडच्या हौशी कलाकारांनी करायला हवा. भारतात या बाहुल्या लिओच्या नावाने बनत, आणि त्यांतल्या काहींचे रंग परदेशी बाहुल्यांशी जुळत नाहीत. संग्राहक आज त्या मुद्दाम शोधतात. अशा बाहुलीवरून पोशाख करणाऱ्याला ‘रंग चुकला’ असं सांगणारे भेटतील. त्याने रंग बदलू नये. तो साचा, तो रंग आणि ते प्लॅस्टिक इथल्या मुलांच्या हातात होतं, आणि मॅन-ॲट-आर्म्सला मिशी देणाऱ्या चित्रकारांइतकाच त्या रंगाऱ्यांचाही पात्र घडवण्यात हात आहे.