माफी आणि ऋण : जनावरांच्या रोगतपासणीच्या शुल्काचा विचार

मराठीत ‘माफी’ हा शब्द दोन ठिकाणी येतो: अपराध्याला क्षमा केली जाते तेव्हा आणि येणे असलेली रक्कम सोडून दिली जाते तेव्हा. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे ज्याला माफी मिळते तो कशाचा तरी देणेकरी आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा रोग अन्वेषण प्रयोगशाळेत जनावराच्या तपासणीसाठी जे सेवाशुल्क ठरलेले असते, त्यात एखाद्या रोगासाठी, एखाद्या योजनेखाली किंवा साथीच्या काळात जी सूट दिली जाते, तिलाही शुल्कमाफीच म्हणतात. या माफीत देणेकरी नेमका कोण असतो, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटला तरी मुळात तो धर्मविचाराचा आहे, कारण माणसाचे मुक्या प्राण्याशी काय देणेघेणे आहे हे ठरल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही.

शुल्क आणि कर यांतील भेद भारतीय कायद्यात एका धार्मिक खटल्यातूनच रूढ झाला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. उडुपीच्या अष्टमठांपैकी शिरूर मठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये असे म्हटले की, कर हा सर्वांच्या सामायिक ओझ्यातील वाटा असतो आणि त्याच्या मोबदल्यात अमुक एक सेवा मिळालीच पाहिजे असे नसते. शुल्क मात्र विशिष्ट व्यक्तीला दिलेल्या विशिष्ट सेवेचा मोबदला असते. मठाकडून घेतली जाणारी वर्गणी या कसोटीवर शुल्क ठरली नाही, ती कर ठरली. पुढच्या निकालांनी ही कसोटी बरीच सैल केली असली तरी तिच्यामागचा प्रश्न अजून धारदार आहे: ज्याच्याकडून पैसे घेतले, त्यालाच फळ मिळाले का?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बजाजनगरात हा प्रश्न नीट मांडता येतो. बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये वाळूजला सुरू झाला आणि औद्योगिक वसाहतीच्या पोटात ही कामगारांची वस्ती वाढली. मराठवाड्यातल्या गावांतून आलेली कुटुंबे येथे घरे आणि गाळे घेऊन राहिली. वस्तीत पाळलेली कुत्री आहेत, रस्त्यावरची बेवारस कुत्री आहेत, आणि वस्ती जिथे संपते तिथून गोठे व शेते सुरू होतात. घरातल्या कुत्र्याच्या त्वचेची खरूज तपासून घेणारा कामगार आणि गायीच्या कासदाहासाठी, म्हणजे कासेच्या सुजेसाठी, दूध तपासून घेणारा शेतकरी यांच्याकडून शुल्क घेतले तर शिरूर मठाच्या कसोटीला ते उतरते. तपासणीने कळले काय, तर त्या जनावराचे दुखणे. औषध मिळाले त्याच जनावराला आणि वाचलेले दूध विकले त्याच मालकाने. गरीब मालकाला येथे सूट द्यावी हे योग्यच आहे आणि तिला माफी म्हणण्यातही चूक नाही.

पिसाळलेल्या कुत्र्याचा विचार केला की ही सगळी मांडणी कोलमडते. रेबीजचे खात्रीलायक निदान कुत्रा मेल्यावर त्याच्या मेंदूचा भाग तपासून होते. त्या तपासणीचा कुत्र्याला काडीचाही उपयोग नाही, आणि कुत्रा बेवारस असला तर मालक असा कोणी नसतोच. उपयोग आहे तो चावा घेतलेल्या मुलाला, त्याच्या आईबापांना आणि सगळ्या गल्लीला. येथे शुल्क कोणाच्या नावावर लावायचे? आणि ते घेतले नाही तर माफी कोणाला मिळाली?

प्राण्यांविषयीच्या आपल्या परंपरेत दयेचे दाखले पुष्कळ आहेत. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि पशूंची अशा दोन चिकित्सांची व्यवस्था केल्याचा व औषधी वनस्पती लावल्याचा उल्लेख आहे. रामेश्वराला वाहण्यासाठी कावडीतून नेलेले गंगाजल एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही पैठणच्या नाथांची कथा तर याच जिल्ह्यातील. बजाजनगराच्या शेजारच्या छोट्या पंढरपुरात आषाढीला लोटणाऱ्या गर्दीतही ती माहीत नसलेला माणूस विरळा. कथेतले पाणी देवाच्या खात्यावर जमा झालेले होते आणि नाथांनी ते गाढवाच्या खात्यावर खर्ची टाकले. तरीही त्यांनी गाढवाला माफी दिली असे कोणी म्हणत नाही, कारण गाढव काही देणे लागतच नव्हते. परंतु या दाखल्यांचा आधार उपचारापुरताच पुरतो, हे मान्य करावे लागेल. पाणी गाढवाच्या घशात गेले. मेलेल्या कुत्र्याच्या मेंदूच्या तपासणीत कुत्र्याच्या वाट्याला काहीच येत नाही. दयेचा विषय जो प्राणी असतो, तो येथे साधन झालेला असतो.

म्हणून दयेऐवजी ऋण या कल्पनेकडे वळणे अधिक सयुक्तिक ठरते. शतपथ ब्राह्मणात सांगितलेल्या पाच महायज्ञांत एक भूतयज्ञ आहे, म्हणजे प्राणिमात्रासाठी रोज काढून ठेवायचा वाटा. गोग्रास आणि काकबळी ही त्याची घरोघर उरलेली रूपे. ऋणाचा विशेष असा की ते करार करून येत नाही, माणूस जन्माला येतो तोच देणेकरी म्हणून. रोगतपासणीसाठी गायीच्या मानेतील शिरेतून रक्त काढले जाते, नळी तिरकी ठेवली जाते, काही तासांनी रक्त गोठून त्यावर फिकट पिवळसर पाणी सुटते. त्याला पशुसंवर्धन खात्यात रक्तजल म्हणतात, आणि त्या चार थेंबांतून जे ज्ञान निघते त्यावर भोवतालच्या माणसांचे आरोग्य अवलंबून असते. देणेकरी कोण, याचे उत्तर या नळीत आहे. ती गाय नव्हे, एकटा तिचा मालकही नव्हे.

शासन साथीच्या वेळी व्यवहारात हेच मानते, फक्त शब्द दयेचे वापरते. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी त्वचारोग आढळला आणि तो राज्यभर पसरला. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत हा रोग एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जात असल्याने कोणाची गाय कोणामुळे आजारी पडली याचा हिशेब अशक्य होता. शासनाने लसीकरण व उपचार मोफत केले, जनावरांचे बाजार बंद केले आणि दगावलेल्या दुधाळ जनावरामागे 30,000, ओढकाम करणाऱ्यामागे 25,000 व वासरामागे 16,000 रुपये साहाय्य जाहीर केले. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांविषयीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्याने अनुसूचित रोगाचा संशय येताच कळवणे मालकावर बंधनकारक केलेले आहे. ज्याला बोलणे सक्तीचे आहे त्याच्याकडून बोलण्याचे पैसे घेणे ही तर्काची विसंगती तर आहेच, पण व्यवहारात त्यामुळे मालक गप्प बसायला शिकतो. फुकटची किंमत राहत नाही, हा नेहमीचा आक्षेप येथे फारसा टिकत नाही. ज्याला तपासणी नकोच आहे त्याला तिची किंमत वाढवून ती हवीशी कशी होणार, हे आक्षेप घेणारे सांगत नाहीत.

तपासणी नकोशी का असते, हे सांसर्गिक गर्भपाताच्या रोगात, म्हणजे ब्रुसेलोसिसमध्ये, स्पष्ट दिसते. या रोगाने गाभण गाय उशिराच्या महिन्यांत गाभडते. पडलेल्या वारेला व गर्भाला हात लावणाऱ्याला आणि कच्चे दूध पिणाऱ्याला चढउतार होणारा ताप व सांधेदुखी मागे लागते. 2019 मध्ये केंद्राने सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना त्याची लस दिली जाते, पण आधीच बाधित झालेल्या गायीला तिचा लाभ नाही आणि अशा गायीवर भरवशाचा उपचारही नाही. इतर काही देशांत बाधित जनावर कापून कळप निर्मळ केला जातो. महाराष्ट्रात 2015 पासून अमलात आलेल्या सुधारित कायद्याने गोवंशाच्या हत्येस मनाई आहे, आणि ती मनाई ज्या श्रद्धेतून आली त्या श्रद्धेचा मान राखूनही विचारावे लागते की, बाधित ठरलेल्या गायीचे तिच्या मालकाने पुढे काय करायचे. प्रामाणिक असेल तर तो तिला विकू शकत नाही, कळपात ठेवू शकत नाही. वेगळा गोठा, वेगळी वैरण आणि दूध नसलेली वर्षे एवढेच त्याच्या पदरात पडते. तपासणीचे शुल्क या खर्चापुढे किरकोळ आहे. ते माफ करून शासन ज्ञान फुकट देते, पण त्या ज्ञानाने येणारे दायित्व एकट्या मालकाच्या गळ्यात अडकवते; गाय सर्वांची माता असेल तर तिच्या आजारपणातली वैरण एका घराची का, याचे समाधानकारक उत्तर ना शुल्काच्या तक्त्यात आहे ना माफीच्या आदेशात. पांजरपोळांची जुनी रीत निदान हा खर्च समाजाने उचलायचा, असे मानून चालली होती. मुंबईचा पांजरपोळ 1834 पासून उभा आहे.

याच रोगाची एक तपासणी रक्तावर होत नाही, दुधावर होते. अनेक गायींच्या एकत्र केलेल्या दुधाचा थोडा नमुना नळीत घेऊन त्यात निळसर रंग दिलेले मृत जंतू मिसळतात आणि नळी तासभर उबेत ठेवतात. दूध निर्दोष असेल तर रंग दुधातच पसरून राहतो आणि वर आलेली साय पांढरी दिसते. कळपात रोग असेल तर रंग सायीबरोबर वर चढतो, खालचे दूध पांढरे होते आणि सायीवर निळे कडे उमटते. ते कडे कोणत्या गायीचे, हे नळीवरून सांगता येत नाही. कॅनमध्ये दूध ओतले गेले तेव्हाच ते एका मालकाचे राहिलेले नव्हते, आणि या तपासणीची पावती कोणाच्या नावाने फाडायची हे ठरवण्यासाठी पुन्हा एकेका गोठ्यात जाऊन एकेका गायीचे रक्त काढावे लागते.