गाडीचे ॲव्हरेज आणि आपले आचरण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गुरुपौर्णिमेचा उत्सव जवळ आला. बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, सगळीकडे तयारी सुरू झाली आहे. यंदा बऱ्याच केंद्रांनी उत्सवात झाडे लावायचे आणि प्रसादाला पानांच्या पत्रावळी घ्यायचे ठरवले आहे. फार छान. या निमित्ताने आणखी एक गोष्ट आपण सगळ्यांनी मिळून मनावर घ्यावी असे वाटते. धरणीमातेची सेवा करायला आपण ज्या गाडीत बसून येतो, त्या गाडीचे काय?

घरातली मुले हे आपल्या आधी बघतात. आजोबा ग्रुपवर वसुंधरेचा संदेश पाठवतात आणि कोपऱ्यावरून दूध आणायला गाडीची किल्ली शोधतात. नातू काही बोलत नाही. पण तो संदेश विसरतो आणि किल्ली लक्षात ठेवतो. संस्कार कानांपेक्षा डोळ्यांनी जास्त आत जातात. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला हेच समजावतात की मोठा माणूस जसा वागतो तसे बाकीचे वागू लागतात. आता मोठा म्हणजे कोण? मोठे होण्यासाठी गादीवर बसावे लागत नाही. ज्याच्या घरात एक जरी लहान मूल आहे, तो त्या मुलापुरता मोठाच.

बडोद्याच्या आणि हैदराबादच्या मंडळींना जवळचे वाटेल असे एक उदाहरण बघा. विनोबांचे शिक्षण बडोद्यात झाले. १९५१ साली हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदयाचे संमेलन होते. आगगाडीची सोय असताना विनोबा वर्ध्याकडून तिथवर पायी गेले. संमेलन झाल्यावर तेलंगणातल्या गावांतून फिरत असताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर दिली. भूदान तिथून सुरू झाले आणि पुढे तेरा वर्षे विनोबा देशभर चालत राहिले. इंधन वाचवायला ते चालले नाहीत, हे खरे. पण स्वतःसाठी काहीच न मागणारा माणूस चालत दारात आला की त्याचा शब्द वेगळाच लागतो. पुढे १९६५ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, बिहारात त्यांनी मोटारीनेही यात्रा केली. म्हणजे वाहनात बसणे हे काही पाप नव्हे. गरज किती आणि सवय किती, एवढे आपले आपण ओळखायचे.

आता थोडा हिशोब. एक लिटर पेट्रोल वजनाला साधारण पाऊण किलो भरते. ते जळले की त्यातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनला जोडला जातो आणि सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. डिझेलचा आकडा याहून थोडा जास्तच. तो वायू दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणून आपल्याला वाटते काहीच झाले नाही. कर्माचेही असेच असते ना? केले ते दिसेनासे होते, पण संपत नाही.

समजा, आपली गाडी महिन्याला १००० किलोमीटर फिरते आणि लिटरला १५ चे ॲव्हरेज देते. नीट चालवून तेच १७ वर आले, तर महिन्याला जवळजवळ ८ लिटर वाचतात. म्हणजे वर्षाला ९० लिटरच्या वर पेट्रोल आणि २०० किलोहून जास्त वायू. यासाठी नवी गाडी घ्यायला नको, फक्त चालवणारा थोडा बदलायला हवा.

आणि चालवणारा बदलणे म्हणजेच साधना. जोरात ॲक्सिलरेटर आणि लगेच कचकन ब्रेक, असे आपण का करतो? पुढच्याला मागे टाकायचे असते, नाहीतर मन घरून निघतानाच तापलेले असते. इंधन जाळून कमावलेला वेग ब्रेक दाबला की उष्णता होऊन उडून जातो. पुढचा सिग्नल लाल दिसतोय तर आधीच पाय उचलावा, गाडी आपसूक हळू होते. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो. इंधन बचतीसाठी काम करणारी पीसीआरए ही संस्था म्हणूनच कित्येक वर्षे ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सुचवत आली आहे. सिग्नलला बराच वेळ थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. चाकांतली हवा दर पंधरवड्याला तपासावी, कारण हवा कमी असली की चाक जड फिरते. टपावरचे कॅरिअर काम नसेल तेव्हा काढून ठेवावे.

बेळगाव-गोव्याच्या मंडळींसाठी एक खास सूचना. चोर्ला घाट उतरताना पेट्रोल वाचेल म्हणून कोणी गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. असे मुळीच करू नये. एक तर ते धोक्याचे. शिवाय आजकालच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाचे इंधन आपोआप थांबते, न्यूट्रलमध्ये मात्र थोडे थोडे जळतच राहते. बचतीच्या नावाने जीव धोक्यात घालणे हा धर्म नव्हे.

काही जण विचारतील, "अहो, रस्त्यावर एवढ्या गाड्या, माझ्या ८ लिटरने काय होणार?" प्रश्न खोटा नाही. नुसत्या आकड्यांनी बघितले तर फार काही होणार नाही. पण आपण जप करतो तेव्हा एका माळेने काय होणार असे विचारतो का? नेम धरला की आधी आपण बदलतो, मग घर, मग शेजार. आपल्या एका केंद्रात एकाच गल्लीतल्या चार घरांनी गुरुवारच्या आरतीला एकाच गाडीतून यायला सुरुवात केली. वाटेत नामस्मरण होते, म्हाताऱ्या आजींनाही येता येते. कोणी कोणाला उपदेश केला नाही. आता त्यांचे बघून मागच्या गल्लीतलेही तसेच येतात.

एक मात्र सांभाळावे. स्वतःचे ॲव्हरेज वाढले म्हणून दुसऱ्याच्या मोठ्या गाडीकडे बोट दाखवू नये. कोणाच्या घरी आजारी माणूस असेल, कोणाचा धंदाच फिरतीचा असेल. आपल्या नेमाचा अहंकार झाला, तर वाचलेल्या पेट्रोलपेक्षा मोठे नुकसान होते.

तर येत्या गुरुपौर्णिमेला चरणांवर फुलांबरोबर हा छोटा संकल्प ठेवू या:

१. एक किलोमीटरच्या आतल्या कामाला पायी किंवा सायकलने जाऊ. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी संकोच मानू नये.

२. केंद्रात येताना गाडीत एकही जागा रिकामी ठेवणार नाही. निघण्याआधी शेजारच्या गुरुबंधूंना फोन करू.

३. गाडीत एक लहान वही ठेवू. टाकी फुल करताना किलोमीटर आणि लिटर लिहू. वही मुलांच्या हाती द्यावी, हिशोब तेच चोख ठेवतील.

४. वाचलेल्या पैशातला थोडा भाग केंद्राच्या अन्नदानात घालू.

आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून विकत आणतो. म्हणजे आपण जपून वापरलेल्या थेंबात देशसेवाही आली. पण त्याहून जवळचे कारण आपल्या घरातच आहे. आज मागच्या सीटवर बसलेले लेकरू उद्या स्टिअरिंगवर बसेल, आणि आपण जसे चालवले तसेच ते चालवेल.

श्रीगुरुमाउली आपल्या सर्वांना हा नेम निभावण्याचे बळ देवोत.

॥ श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏