कसर

वस्तुसंग्रहालय हे माणसाच्या एका हट्टाचे नाव आहे. जे नाशवंत आहे ते नष्ट होऊ द्यावयाचे नाही, असा हा हट्ट. लोकर, पिसे, कातडे, लाकूड, कागद या साऱ्या वस्तू सजीवांच्या देहापासून आलेल्या. आणि असे देह पुन्हा मातीस मिळवून देण्याचे काम सृष्टीने ज्यांच्याकडे सोपविले आहे, त्या किड्यांना संग्रहालयाचा उंबरा ओळखू येत नाही. ओसाड घरट्यातील पिसे खाणारी अळी आणि जुन्या शालीस भोके पाडणारी अळी यांत भेद आपण करतो. अळी करीत नाही. प्राणिशास्त्राच्या काही संग्रहालयांत सांगाडे स्वच्छ करण्यासाठी मांस खाणारे डर्मेस्टिड कुळातील भुंगेरे मुद्दाम पाळतात. त्याच कुळातील दुसरे भुंगेरे पेंढा भरलेल्या पक्ष्यांस लागले, की ते शत्रू ठरतात. एका खोलीत सेवक आणि दुसरीत गुन्हेगार, असा हा न्याय आहे.

मग या निरपराध जीवास मारण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? आमच्या मते, आहे. परंतु तो बेताचाच आहे. एक अळी मेल्याने तिची जात नाहीशी होत नाही. एकुलती एक पोथी गेली, तर तिच्यातील मजकूर मात्र जगातून कायमचा जातो. तो मजकूर ज्यांना वाचावयाचा आहे, ते अद्याप जन्मासही आलेले नसतील. त्यांच्या वतीने आज कोणी तरी पहारा केला पाहिजे. पण रक्षणाचा अधिकार मान्य केला म्हणजे रक्षणाची सर्व साधने आपोआप मान्य होत नाहीत. विसाव्या शतकाने नेमकी येथेच गफलत केली.

संग्रहालयांनी पूर्वी पक्ष्यांच्या कातड्यांस आर्सेनिक चोळले, वाळविलेल्या वनस्पतींस पाऱ्याचे क्षार लावले. १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण उमगला आणि १९४८ मध्ये त्या शोधाबद्दल पाउल म्युलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा तर कीटकांचा प्रश्न कायमचा मिटला असेच पुष्कळांना वाटले. पुढे मिथिल ब्रोमाइडची धुरी आली. ती ओझोनचा थर विरविते असे दिसून आल्यावर मॉन्ट्रियल करारान्वये, काही अपवाद वगळता, तिचा वापर प्रगत देशांत २००५ पर्यंत आणि इतर देशांत २०१५ पर्यंत थांबवावा लागला.

या उपायांचे मोल कोणी चुकविले, हे पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्यान्वये तेथील मूळ रहिवाशांच्या पवित्र वस्तू संग्रहालयांतून परत जाऊ लागल्या. अरिझोनातील होपी जमातीस मिळालेल्या काही वस्तूंवर तपासणीत आर्सेनिक आढळले. होपींच्या दृष्टीने या नुसत्या वस्तू नव्हेत, ते त्यांचे सजीव मित्र आहेत. त्या धारण करावयाच्या, विधींत वापरावयाच्या असतात. संग्रहालयाने त्या किड्यांपासून वाचविल्या खऱ्या. पण ज्यांच्या त्या होत्या, त्यांच्याच हातांना त्या विषारी करून ठेवल्या. वस्तू शाबूत राहिली आणि तिचे प्रयोजन मेले. यास जतन म्हणावे काय?

परंपरेची आठवण काढून आपण या दोषातून सुटू असे कोणी समजू नये. आपल्याकडे पोथ्यांच्या कपाटात कडुलिंबाचा पाला आणि वेखंड ठेवीत, हे खरे. पण नेपाळात कागदास जे पिवळे हरताळ फाशीत, तेही आर्सेनिकच. जुन्या उपायांत शिकण्यासारखे काही असेल, तर ते औषधांत नाही, रीतीत आहे. पाटण आणि जेसलमेर येथील जैन ग्रंथभांडारांकडे पाहावे. ज्यांच्या धर्मात पोथी पूज्य आणि कीटकहिंसा पाप, त्यांच्यापुढे हा पेच अतिशय तीव्र होता. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग साधा आहे. पावसाळा सरल्यावर, कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीच्या निमित्ताने पोथ्या बाहेर काढावयाच्या, त्यांना वारा द्यावयाचा, धूळ झाडावयाची, बासने पुन्हा घट्ट बांधावयाची. दमट अंधारात किडा बस्तान मांडण्यापूर्वीच तेथे माणसाचा हात फिरतो. त्यामुळे मारण्याची वेळच सहसा येत नाही.

आजचे संग्रहालयशास्त्र दुसऱ्या वाटेने जवळपास येथेच येऊन पोहोचले आहे. खिडकीच्या कडेला मेलेले भुंगेरे, अळीची टाकलेली कात, लाकडातील भोकाखाली पडलेली ताजी भुकटी, या खुणा नियमाने पाहाव्यात, जमिनीलगत चिकट सापळे मांडून कोणता किडा कोठे सापडला याची नोंद ठेवावी, ओल हटवावी, बाहेरून आलेली वस्तू काही काळ वेगळी ठेवावी. कीड लागलीच, तर सोसेल ती वस्तू प्लॅस्टिकमध्ये बंद करून उणे ३० अंश सेल्सिअसला तीन दिवस गोठवावी, किंवा नायट्रोजनने वेढून प्राणवायूविना काही आठवडे ठेवावी. यातही किडे मरतात; येथे अहिंसेचा दावा करणे ढोंग ठरेल. पण मरण त्या एका वस्तूपुरते राहते. त्याचे विष पुढच्या पिढीच्या बोटांना लागत नाही.

मराठीत पुस्तकाला लागते तीही कसर आणि कामात राहते तीही कसर. शब्दांची कुळे निराळी असतील. पण पहिली बहुधा दुसरीच्या वाटेनेच आत येते, असा अनुभव आहे. वर्षानुवर्षे कोणी दार उघडीत नाही, आणि उघडते तेव्हा विषावाचून इलाज उरत नाही. आपल्या आळसाचे प्रायश्चित्त असे आधी किड्यास आणि मग नातवंडांस भोगावे लागते. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागद आणि मराठी हस्तलिखिते आहेत, त्यांना पगारी रक्षक तरी आहेत. बृहन्महाराष्ट्रातील कित्येक घरांत आणि मंडळांच्या ग्रंथालयांत मात्र मराठीची कपाटे कुलुपात आहेत, आणि किल्ली कोणाकडे आहे हे सांगता येत नाही. त्या कपाटांविषयी अभिमानाने बोलण्यापूर्वी ती एकदा उघडावीत, एवढेच आमचे मागणे आहे. कार्तिकाची पंचमी त्यास पुरेसा चांगला मुहूर्त आहे.