पुस्तक उघडं ठेवून

परीक्षा चालू आहे, आठवीच्या मुलांसमोर विज्ञानाचं पुस्तक उघडं आहे, शेजारी स्वतःची वही आहे, आणि पर्यवेक्षक निवांत आहेत. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, हे अनेक वर्षं रीतसर चाललं. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी १९७२ साली तिथल्या सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याची वेगळी रीत सुरू केली. १९८२ पासून ‘एकलव्य’ने ती पुढे नेली. चार-चार मुलांचे गट करायचे, साहित्य गावात मिळेल ते घ्यायचं. फूल उकलून पाहायला सुई नसली तर बाभळीचा काटा होताच. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रयोग कसा करायचा ते असे, प्रश्न असत, उत्तरं नसत. ती मुलांनी पाहून, मोजून, एकमेकांशी वाद घालून वहीत लिहायची.

मग पेपरला पुस्तक उघडं असलं म्हणून बिघडलं कुठे? कॉपी करायची तर कशाची?

खरी पंचाईत होते ती पेपर काढणाऱ्याची. ‘व्याख्या लिहा’, ‘टीपा लिहा’ हे हुकमी प्रश्न एका फटक्यात बाद. आणि वर्गात गुरुजींची. ‘मलाही माहीत नाही, करून बघू या’ हे चाळीस मुलांसमोर म्हणणं सोपं नाही. मला तर वाटतं, साऱ्या प्रशिक्षणातला सर्वांत अवघड धडा तोच असावा. मुलांच्या शंकांसाठी तिथे ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्रही होतं. मुलं त्याला पत्रं लिहीत आणि उत्तरंही येत. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोतून रजा काढून १९७८ साली इथेच गेले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे त्यांचे सांगाडे इथेच जन्मले. २००२ मध्ये सरकारने हा कार्यक्रम बंद केला.

आज फोनने सगळ्यांचंच पुस्तक उघडून ठेवलंय. प्रश्नपत्रिका मात्र पुस्तक मिटलेलं असल्यासारख्याच निघतात, आणि दुकानात अपेक्षित प्रश्नसंच खपतात.

फोन हातात असतानाही विचारता येईल असा एक प्रश्न सांगतो. ‘२७ ऑगस्टला मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार’ हा मेसेज दर पावसाळ्यात घरच्या ग्रुपवर येतो. मुलांना सांगावं, खरं की खोटं ते ठरवा. फोन वापरा, पण ‘खोटं आहे’ एवढंच शोधून आणलंत तर गुण नाहीत. मग आकडे लागतात, आणि कुठले लागतात हे ठरवणं हाच निम्मा प्रश्न. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. मंगळ २००३ साली अगदी जवळ आला तेव्हाही साधारण साडेपाच कोटींवर, म्हणजे जवळजवळ दीडशे पट लांब. पण त्याचा व्यास चंद्राच्या दुप्पट, हे विसरून चालत नाही. नेमकं तेच अर्धा वर्ग विसरेल. भागाकार केला की मंगळ चंद्राच्या सुमारे पंचाहत्तराव्या हिश्श्याएवढा रुंद दिसतो. ठिपकाच.

इथे एखादी मुलगी विचारेल, की मग हे आलं कुठून? तेही शोधू द्यावं. मूळ ईमेल २००३ चा. त्यात म्हटलं होतं, की पंचाहत्तर पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ, नुसत्या डोळ्यांना पूर्ण चंद्र दिसतो तेवढा दिसेल. ईमेल खराच होता. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण तेवढी गळाली.