वास्तुशांती आणि वास्तूची तपासणी

नाशिकमध्ये गंगापूर रोड, पाथर्डी फाटा किंवा म्हसरूळकडच्या नव्या इमारतीत सदनिका घेणाऱ्या कुटुंबाला दोन जाणकारांना घरी बोलावता येते. एक गुरुजी, दुसरा स्थापत्य अभियंता. गुरुजी पुण्याहवाचनापासून सुरुवात करून नवग्रहांचे हवन करतात, वास्तुमंडल मांडतात, बलिदान करतात, घराभोवती सूत गुंडाळून पाण्याची धार धरतात आणि शेवटी वास्तुप्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात. अभियंता फरशी काठीने ठोकत जातो. जिथे बद्द आवाज येतो तिथे खाली माल नीट भरलेला नाही, असे तो खडूने खूण करून ठेवतो. बाथरूमच्या निचऱ्याचे तोंड बंद करून तो दिवसभर पाणी तुंबवून ठेवतो आणि खालच्या घराच्या छताला ओल येते का ते पाहतो. शिवाय गुण्या लावून भिंतीचा काटकोन, प्रत्येक प्लगचे अर्थिंग, गच्चीचा उतार आणि ओलावामापकाने बाहेरच्या भिंती तपासतो.

यातून खरा धार्मिक प्रश्न निघतो. ज्या वास्तूची शांती करायची, तिच्यावर आधी संशय घेणे श्रद्धेला धरून आहे का? आणि उलट बाजूने, अभियंत्याने निर्दोष ठरवलेल्या घराला शांतीची गरज उरते का?

दुसरा प्रश्न आधी घेतलेला बरा, कारण त्याचे उत्तर शांतीच्या हेतूतच आहे. मत्स्यपुराणातील कथेनुसार अंधकासुराशी लढताना शिवाच्या घामातून एक महाकाय भूत उपजले. देवांनी त्याला जमिनीवर दाबून धरले, आणि ज्या देवाने जो भाग धरला तो तिथेच राहिला. 81 पदांच्या मांडणीतील 45 देवता त्या याच. घर बांधणे म्हणजे या दाबून धरलेल्या पुरुषाच्या अंगावर राहायला जाणे. म्हणून त्याला त्याचा बळी द्यायचा. जमीन खणताना मेलेले जीव आणि तोडलेली झाडे यांचे प्रायश्चित्तही या विधीत धरले जाते. सिमेंटचे प्रमाण बरोबर आहे की नाही, हा प्रश्न शांती विचारतच नाही. राहणाऱ्याचे त्या जागेशी कोणते ऋण आहे, हा तिचा विषय. अभियंत्याच्या अहवालात या ऋणाला रकाना नसतो आणि असण्याचे कारणही नाही.

पहिल्या प्रश्नावर परंपरेची साक्ष अधिक ठाम आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीची परीक्षा सांगितली आहे. हातभर खड्डा खणायचा आणि तीच माती परत भरायची. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. किंवा खड्डा पाण्याने भरून शंभर पावले चालून परत यायचे आणि पाणी किती उतरले ते पाहायचे. काळ्या मातीवर पाया घेऊ पाहणाऱ्या नाशिककराला यातले मर्म सांगावे लागत नाही. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागते. म्हणजे वास्तुशास्त्र ज्या ग्रंथांवर उभे आहे, त्यांच्यातच परीक्षा आहे. आज त्या शास्त्राच्या नावाने पिरॅमिड आणि आरसे विकले जातात. गळक्या भिंतीवर ते लावणे हे ना शास्त्र, ना श्रद्धा.

महाभारतात तर नव्या घराच्या तपासणीचा प्रसंगच आहे. वारणावतात पुरोचनाने पांडवांसाठी सजवलेले घर बांधले. आत शिरताच युधिष्ठिराला चरबी, तूप आणि लाखेचा वास आला आणि हे घर पेट घेण्यासाठीच बांधले आहे, असे त्याने भीमाला सांगितले. पुढे विदुराने पाठवलेल्या खनकाने भुयार खणून बाहेर पडायची वाट केली. धर्मराज म्हणून ज्याची ख्याती, त्याने नाकाने घर तपासले. त्यामुळे त्याच्या धर्मात कमतरता आली, असे कोणी म्हणत नाही.

न्यायदर्शनाने ही भूमिका तत्त्वात मांडली. गौतमाच्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच मागे तिसरा क्रमांक संशयाचा आहे, कारण संशयाशिवाय विचार सुरूच होत नाही. पण स्वतः तपासणे ज्याला शक्य नाही, त्याने कोणाचे ऐकावे? वात्स्यायनाच्या भाष्यात आप्त कोण हे सांगितले आहे: ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. ऋषी, आर्य, म्लेच्छ, सर्वांना ही कसोटी सारखीच लागू होते, असेही तिथे म्हटले आहे. इथे जात, पदवी किंवा दाढी यांना भाव नाही. या कसोटीची पहिली अट बहुतेक अभियंते पुरी करतात. अडचण दुसरीची. तपासणीचे पैसे बिल्डरने दिले असतील तर जाणलेले जसेच्या तसे सांगण्याची इच्छा डळमळू शकते. म्हणून फी घर घेणाऱ्यानेच द्यावी, थोडी जड गेली तरी.

मुहूर्ताचा मुद्दा व्यावहारिक दिसतो, पण तोही श्रद्धेशी बांधलेला आहे. पाडवा किंवा अक्षय्यतृतीया गाठण्याच्या घाईत तपासणी न करताच ताबापत्रावर सही होते. हे दोन्ही सण कोरड्या दिवसांत येतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस अंगावर घेतल्याशिवाय बाहेरची भिंत आणि गच्ची खरे बोलत नाहीत. त्यामुळे एक तपासणी ताब्याआधी आणि दुसरी पहिल्या पावसाळ्यात, हे इथल्या हवामानाला धरून आहे.

ओल आली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: नशिबातच होते. प्रारब्धाचा हा आधार कायद्याला मान्य नाही. 2016च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे, ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील किंवा सेवांतील दोष लक्षात आणून दिल्यास विकासकाने तो 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई. योगवासिष्ठातही दैवाला आळशाचा आधार मानून पौरुषाची बाजू घेतली आहे, तेव्हा कायदा आणि तत्त्वज्ञान इथे फार लांब नाहीत.

विधी आणि तपासणी प्रत्यक्ष एकमेकांना भिडतात ते आग्नेय कोपऱ्यात. सदनिकेला स्वतःची जमीन नाही. फरशीखाली स्लॅब आणि त्याखाली दुसऱ्याचे छत. प्रतिमेसाठी उकरायचे ते फरशी आणि खालच्या मालाच्या जाडीपुरतेच. तिथून नळ किंवा वायरची नळी जाते का, शेजारी ओला कोपरा आहे का, हे आधी बघून घ्यावे लागते. पुढे तिथे गळती निघाली तर तोडफोड मालकानेच केली, असे विकासक म्हणू शकतो. तेव्हा खड्ड्याआधीचा त्या कोपऱ्याचा फोटो तपासणीच्या अहवालाला जोडलेला असावा आणि प्रतिमा बसवल्यावर फरशी त्याच दिवशी नीट बंद करून घ्यावी.